मटकासुराची माघार: ताडोबातल्या एका झुंजीचा अभ्यास

फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस ताडोबात एका पाणवठ्याजवळ मादी अस्वल आणि पूर्ण वाढीचा नर वाघ यांची जुंपली. सफारीवरच्या मंडळींनी ती झुंज कॅमेऱ्यात धरली आणि चार-आठ दिवसांत ती देशाबाहेरच्या वाहिन्यांवरही दिसू लागली. वाघ म्हणजे मटकासुर, त्या काळातला गाभा क्षेत्रातला दांडगा नर. अस्वलाबरोबर तिचं पिल्लू होतं. झुंजीचा शेवट असा झाला की वाघ बाजूला झाला.

हे बघून बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला: पिल्लासाठी आई काहीही करते. खरं आहे, पण पुरेसं नाही. चितळाची मादीही आई असते आणि तिचं पाडस वाघ तिच्या डोळ्यांदेखत नेतो. दुसरा निष्कर्ष असा निघाला की अस्वल वाघापेक्षा ताकदवान असतं. तो तर सरळसरळ चुकीचा. या झुंजीत अस्वलानं वाघाला हरवलं असं म्हणण्यापेक्षा वाघाला ते अस्वल महाग पडलं, असं म्हणणं जास्त नेमकं ठरेल. ते महाग का पडलं, हे कळलं की अस्वल माणसाला इतकं धोकादायक का, तेही कळतं. म्हणून हे एकच प्रकरण सुटं करून बघू.

काय घडलं

फेब्रुवारी सरता सरता चंद्रपूरकडे ऊन तापू लागतं. नाले तुटतात, पाणी बोड्या (छोटी तळी) आणि टाक्यांपुरतं उरतं, आणि एरवी एकमेकांना टाळून राहणारी जनावरं एकाच काठावर यायला लागतात. वाघ उन्हाळ्यात पाणी सोडून फार लांब जातच नाही. मागचा भाग पाण्यात बुडवून तासन्‌तास बसून राहतो. अस्वल एरवी संध्याकाळनंतर आणि पहाटे हिंडणारं जनावर. पण पिल्लू सोबत असलेली मादी दिवसाउजेडीही बाहेर पडते, कारण रात्री वाघही फिरतो आणि पिल्लाला धोका असणारे मोठे नर अस्वलही. रात्रीचा धोका चुकवायला निघालेली ही मादी भर उजेडात वाघाच्या पाण्यावर आली.

वाघ आधी अंगावर धावला आणि माय-लेकरं पळाली. इथपर्यंत सगळं वाघाच्या सोयीचं होतं. मग मादी वळली. ओरडत, तोंड वासून ती थेट वाघाच्या तोंडावर गेली. दोघं भिडले, सुटले, पुन्हा भिडले. मध्ये काही काळ वाघानं तिला खाली दाबून धरलं होतं आणि दात रुतवले होते. चित्रफीत पहिल्यांदा बघणारा कुणीही तिथं म्हणेल, संपलं. पण ती निसटली. निसटल्यावर पळून जायचं सोडून तिनं उलट चढाई केली. पाव तासाच्या आसपास हे चाललं. दोघंही रक्तबंबाळ झाले, दोघांचीही छाती भात्यासारखी चालत होती. पिल्लाला वाघ शिवू शकला नाही.

आता वजनं बघा. मध्य भारतातला मोठा नर वाघ दोनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो. आपल्याकडच्या अस्वलाची मादी साधारण ५५ ते ९५ किलोंची, नर ८० ते १४५. म्हणजे ही मादी वाघाच्या निम्म्यानंही नव्हती. कुस्तीच्या आखाड्यात अशी जोड कुणी लावणार नाही.

अस्वलाचं अंग

हे अस्वल मुळात शिकारी नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं, टेंभरं, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुलं ही त्याची शिदोरी. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून आणि लांब लोंबत्या ओठांतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो फुर्र-फुर्र आवाज शांत जंगलात बराच लांब ऐकू येतो. पण दात नाहीत ते फक्त तेवढे. सुळे शाबूत असतात, चांगले जाड असतात, आणि ते माणसाच्या चेहऱ्याचं काय करतात हे विदर्भातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयातल्या जुन्या डॉक्टरांना विचारावं.

खरं हत्यार पुढचे पंजे. उन्हाळ्यात वारुळाची माती वाळून दगड होते. माणसाला ती कुदळीनं फोडावी लागते. अस्वल ती नखांनी फोडतं. ही नखं सहा-आठ सेंटीमीटर, कधी त्याहूनही लांब, किंचित वाकडी, आणि मांजरासारखी आत न जाणारी. ती कायम बाहेर असल्यामुळे त्यांची टोकं वाघाच्या नखांइतकी धारदार राहत नाहीत, पण त्यांच्यामागे जो खांदा आहे तो जन्मभर दगडासारखी माती उकरून घडलेला असतो. वाघाचं नख चिरतं. अस्वलाचं नख रुततं आणि ओढून काढतं.

आणि मग ती आयाळ. मानेवर, खांद्यांवर लांब, राठ केसांचा झुपका, त्याखाली सैल कातडं. वाघाची सगळी कला नेमक्या पकडीत आहे: मोठ्या जनावराचा गळा धरून श्वास कोंडायचा, लहान जनावराचा मानेचा मणका सुळ्यांमध्ये घ्यायचा. अस्वलाच्या मानेवर चावा घेतला की तोंडात आधी केस येतात, मग सरकणारं कातडं येतं, आणि खालचं अंग त्या कातड्याच्या आत वळून उलट पंजा मारतं. ताडोबातल्या झुंजीत वाघानं तिला खाली घेऊनही मारक पकड बसली नाही, हे तर दिसतंच. त्यामागे या आयाळीचा वाटा असणार, असं मला वाटतं.

उभं राहण्याचा मुद्दाही इथलाच. अस्वल आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकून चालतं, म्हणून मागच्या पायांवर त्याला सहज तोल सांभाळता येतो आणि दोन्ही पुढचे पंजे मोकळे राहतात. वाघही उभा राहून थपडा मारतो, दोन नर भांडताना तेच करतात, पण त्याला तो पवित्रा फार वेळ टिकवता येत नाही.

वाघाचा हिशेब

वाघाचं सगळं शरीर एका छोट्या, स्फोटक कामासाठी बनलं आहे. दबा, झेप, पकड, आणि मिनिटा-दोन मिनिटांत निकाल. बहुतेक प्रयत्न फसतात आणि फसले की तो पाठलाग लांबवत नाही. त्याचं नेहमीचं भक्ष्य, चितळ, सांबर, नीलगाय, पळतं. रानडुक्कर आणि गवा सोडले तर उलटून तोंडावर येणारं त्याच्या ताटात फारसं काही नसतं. या झुंजीत पहिल्या धावेनंतर त्याच्या हातून अचानकपणा गेला, आणि अचानकपणा गेला की वाघाचं निम्मं बळ जातं. उरलेलं बळही कमी नव्हतं. तो ठरवता तर तिला मारू शकला असता, यात मला शंका नाही.

त्यानं तसं का ठरवलं नाही, हा या प्रकरणाचा गाभा. वाघ एकटा जगतो. सिंहासारखा त्याला कळप नाही. जखमी झाला तर दुसऱ्याच्या शिकारीवर दिवस काढता येत नाहीत. सुळा तुटला, डोळा गेला, पंजा फाटून पिकला, तर पोट भरणंच बंद होतं. नराला आणखी एक काळजी असते. त्याच्या हद्दीवर दुसरे नर टपलेले असतात आणि लंगडणारा नर त्यांना लगेच कळतो. म्हणून वाघ प्रत्येक चकमकीत किंमत बघतो. ऐंशी किलोंच्या अस्वलाचं मांस, आणि त्यासाठी कदाचित एक डोळा. मटकासुरानं पाव तास तो भाव करून पाहिला आणि उठून गेला. लोक याला भित्रेपणा म्हणाले. मला तो शहाणपणा वाटतो, आणि असं न वागणारे वाघ फार जगत नाहीत.

अस्वलापुढे मात्र असा हिशेबच नसतो. वाघाच्या धावेपुढे त्याचं पळणं टिकत नाही. झाडावर ते चढतं, पण मधासाठी, फळांसाठी. संकट आलं म्हणून झाड गाठायची या जातीला सवय नाही. जगातली बरीच अस्वलं पिल्लांना धोका दिसला की झाडावर पिटाळतात. आपलं अस्वल पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतं, म्हणजे पिल्लू जिथं तिथंच आई. पळता येत नाही, लपता येत नाही. मग एकच राहतं: समोरचा कोण, किती मोठा, हे न बघता पहिल्या क्षणी सगळा जोर लावून अंगावर जायचं, म्हणजे त्याला परत विचार करावा लागेल. हजारो पिढ्या वाघाशेजारी काढल्यामुळे हा स्वभाव घडला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. रणथंभोरमध्येही पिल्लांसह असलेल्या मादीनं वाघांना मागे रेटल्याची छायाचित्रं निघाली आहेत. ताडोबातला प्रकार अपवाद नव्हता, कॅमेऱ्यात तो इतका सविस्तर सापडला एवढंच.

पण यावरून वाघ अस्वलाला बिचकतो असं समजू नये. वाघ अस्वलं मारतात आणि खातात. वारुळात डोकं घालून बसलेलं, स्वतःच्याच फुर्र-फुर्र आवाजानं बहिरं झालेलं अस्वल पाठीमागून येणाऱ्या वाघाला सोपं असतं; मान हातात आली की बाकीचं काही चालत नाही. फरक सगळा तोंड कुणीकडे आहे याचा. पाठमोरं अस्वल ही शिकार असते, तोंडावर आलेलं अस्वल ही डोकेदुखी.

रशियाच्या अतिपूर्वेला, सिखोते-आलिनच्या जंगलात हाच खेळ मोठ्या मापानं चालतो. तिथला वाघ आपल्याच वाघाचा भाऊ, पण समोर तपकिरी अस्वल असतं आणि त्याचा मोठा नर वाघाहून बराच जड असतो. तिथले वाघ मादी आणि लहान अस्वलं दबा धरून मारतात, मोठ्या नराच्या सहसा वाटेला जात नाहीत. उलट तो नर वाघाच्या शिकारीचा माग काढत येतो आणि ती बळकावतो. दोन्ही बाजूंनी मेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे वजन उलटं झालं तरी नियम तोच: दबा साधला तर वाघ, समोरासमोर आले तर ज्याला माघार परवडत नाही तो.

सिंह आणि अस्वल हा वाद लोक हौसेनं घालतात, त्यात मला रस नाही. आपल्याकडचे सिंह गीरमध्ये आहेत आणि गीरमध्ये अस्वल नाही. ज्यांची गाठच पडत नाही त्यांची कुस्ती लावून काय कळणार? बिबट्याचं मात्र सांगता येतं. तो वजनानं मादी अस्वलाच्याच आसपास. मोठ्या अस्वलापुढून तो वाट सोडतो आणि जमलं तर पिल्लावर डोळा ठेवतो.

मोहाच्या झाडाखाली

आता माणूस. इथं या प्रकरणाचा खरा उपयोग आहे, कारण वाघाच्या जागी माणूस ठेवला की अस्वलाचं वागणं तसंच राहतं, फक्त माघार घ्यायला माणसाकडे चार पाय नसतात.

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या सगळ्या पट्ट्यात मोह गळतो. फुलं रात्री आणि पहाटे पडतात. उजाडेपर्यंत थांबलं तर गुरं आणि हरणं निम्मी खाऊन जातात, म्हणून बाया-माणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात. झाडाखालचा पाला आधी झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते. मग वाकायचं आणि एकेक फूल वेचायचं. त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही येतं, तेही मान खाली घालून. नजर त्याची बेताची, नाक तीक्ष्ण, पण वाऱ्याची दिशा उलटी असली आणि तोंडात मोह असला की ते नाकही कामी येत नाही. दोघंही खाली बघत एकमेकांकडे सरकतात. पाच-दहा पावलांवर भेट होते. अस्वल वाघासमोर जे करतं तेच करतं.

या हल्ल्यांची मोजदाद झालेली आहे. मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या काळात अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसं मेली आणि साडेसहाशेहून जास्त जखमी झाली. आताच्या छत्तीसगडमधल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० दरम्यान १३७ हल्ले झाले, त्यांत ११ जण दगावले. दोन्हीकडचा हिशेब शंभरात सहा ते आठ मृत्यू असा येतो. मेलेल्यांच्या आकड्यापेक्षा जखमींचा आकडा नीट वाचावा. अस्वल मारून खायला येत नाही. समोरच्याला पाडतं, चेहरा, डोकं, हात फाडतं आणि निघून जातं. माणूस वाचतो, पण डोळा, नाक, टाळूची कातडी गमावून. आयुष्यभर तोंडावर पदर घेऊन वावरणाऱ्या बाया या भागात आहेत.

वाघाचं गणित निराळं. वाघाचे हल्ले अस्वलापेक्षा कमी, पण वाघानं धरलं तर सुटणारे थोडे. त्याच २०१८ साली यवतमाळच्या पांढरकवडा भागात टी-वन ऊर्फ अवनी या वाघिणीवर तेरा माणसं मारल्याचा ठपका होता आणि २ नोव्हेंबरला तिला गोळी घालण्यात आली. तेरा हल्ल्यांनंतर अख्खा जिल्हा महिनोन्‌महिने दहशतीखाली होता, बातम्या देशभर गेल्या, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. अस्वलानं एका हंगामात तेरा जणांना फाडलं तर जिल्ह्याच्या पानावर चार ओळी येतात. अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसानभरपाईच्या सरकारी यादीतही ते वाघ-बिबट्यांसोबतच आहे. गावकऱ्यांच्या डोक्यातही ते आहेच. जंगलालगतच्या गावांत म्हातारी माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त टरकतात, आणि ते उगाच नाही. वाघ माणसाला बघून बहुधा वाट सोडतो. अस्वलाला माणूस दिसतोच उशिरा.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते. दोन जनावरांसमोर शरीरानं दोन उलट्या गोष्टी करायच्या असतात. वाघ दिसला तर उभं राहायचं, नजर न हटवता हळूहळू मागे सरकायचं. वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो आणि पाठमोऱ्यावर तो सोयीनं येतो. सुंदरबनात मध गोळा करणारे लोक एके काळी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधून जात, ते यासाठीच. अस्वलापुढे तो मुखवटा कुचकामी. त्याच्याशी नजर भिडवणं म्हणजे मटकासुराच्या जागी जाऊन उभं राहणं. ते लांब असेल तर गुपचूप आल्या वाटेनं मागे फिरावं. अंगावर आलंच तर पोटावर पालथं पडायचं, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, आणि ते जाईपर्यंत हलायचं नाही. पाठीच्या जखमा भरतात. समोरचा धोका हलेनासा झाला की अस्वलाचं काम झालेलं असतं.

पहाटेच्या अंधारात समोर काळं काहीतरी उसळलं की हे सगळं आठवेल अशी अपेक्षा करणं अवघडच. म्हणून भेटच न होऊ देणं जास्त कामाचं. तीन-चार जणांनी मिळून जावं, बोलत, खोकत, काठी आपटत जावं. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना हे सांगावं लागत नाही. एकट्यानं जाण्याची वेळ येते ती घरात दुसरं माणूस मोकळं नसतं म्हणून. मध्य प्रदेशात काही ठिकाणी मोहाच्या झाडाखाली जमिनीपासून वर जाळी बांधून फुलं धरतात. ती फुलं स्वच्छ म्हणून त्यांना भाव बरा मिळतो, पाला जाळावा लागत नाही, आणि फुलं गुरांच्या तोंडाखाली पडत नसल्यानं वेचायला उजाडल्यावर गेलं तरी चालतं. अस्वलासाठी म्हणून ही जाळी कुणी काढलेली नाही. पण वाकणं टळतं आणि अंधार टळतो, हे दोन्ही तिच्यात आपसूक येतं. विदर्भातल्या मोह वेचणाऱ्यांना अशी जाळी द्यायचा खर्च एका प्लास्टिक सर्जरीच्या खर्चापुढे काहीच नाही.